पोराचा मावा सुटला म्हणजे विषय संपला का? निकोटिन आणि वाढीचा मेंदू

मास्तर_नववी_ब

कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात एका मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. धागा काढायला निमित्त झालं ते परवाच्या पालकसभेचं. नववीतल्या एका पोराच्या दप्तरात मावा, म्हणजे सुपारी-चुना घातलेली तंबाखू, सापडला म्हणून वडिलांना बोलावलं होतं. भला माणूस, रागावलेसुद्धा नाहीत. "वय हाय वो मास्तर त्याचं. आमी बी त्या वयात खाल्लाव, सोडलाव. त्यो बी सोडंल," म्हणाले, चहा घेतला आणि गेले. बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी कॅन्सर म्हणालं, कुणी दात किडतात म्हणालं. मेंदूचं नाव कुणीच काढलं नाही.

आपल्याकडं तंबाखूचा विषय निघाला की गाडी थेट तोंडाच्या कॅन्सरवर जाते. ते खोटं नाही. पण चौदा वर्षांच्या पोराला चाळिशीतल्या गाठीचं भय घालून उपयोग नसतो, कारण चाळिशी त्याच्या हिशोबातच नाही. त्याच्या डोक्यात याच वर्षी काय चाललंय ते बोलायला पाहिजे.

बारा-तेराव्या वर्षी मेंदू आकारानं जवळजवळ मोठ्या माणसाएवढा झालेला असतो, त्यामुळं आपण फसतो. आतली जुळवाजुळव पंचविशीपर्यंत चालू असते. सगळ्यात शेवटी तयार होतो तो कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. लक्ष एका जागी टिकवणं, मोह आवरणं, पुढचं बघून पाऊल टाकणं ही कामं त्याची. या वयात पेशींमधले बिनकामाचे जोड गळतात आणि वापरातले पक्के होतात. निपाणी भागात हे समजावणं सोपं आहे: तंबाखूचा शेंडा खुडल्याशिवाय पान भरत नाही, तशी ही मेंदूतली खुडणी. काय ठेवायचं नि काय काढायचं हे ठरण्यात ॲसिटिलकोलिन नावाच्या मेंदूतल्याच रसायनाचा हात असतो. निकोटिन नेमकं त्याचंच सोंग घेऊन येतं. ॲसिटिलकोलिन पेशीवरच्या ज्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, बसतं त्यातल्या एका जातीला शास्त्रज्ञांनी नावच 'निकोटिनिक' दिलंय.

ओढलेल्या धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तंबाखू-माव्यातलं सावकाश चढतं, पण दाढेखाली धरलं की बराच वेळ रेंगाळतं. चुना लावून मळल्यानं क्षारता वाढते आणि गालाच्या आतल्या कातडीतून निकोटिन भराभर आत जातं. आमच्या आज्याला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण कृती एकदम बरोबर होती.

एक आकडा देतो. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत भारतातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुलं कुठली ना कुठली तंबाखू वापरत होती. झोप उडाली ती पुढच्या ओळीनं. न ओढायची तंबाखू ज्यांनी कधी घेतली होती त्यातल्या ५२ टक्क्यांनी सुरुवात केली होती दहावा वाढदिवस व्हायच्या आत. विडीवाल्यांत ४७ टक्के. म्हणजे मी नववीत पकडतोय, तेव्हा चार-पाच वर्षं उशीर झालेला असू शकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की किती खाल्ली याइतकंच कुठल्या वयात धरली हे बघायला पाहिजे. सुटली तरी त्या वर्षांत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं का, यावर जाणकारांनी लिहावं. सीमाप्रश्न इथं आणू नका, धाग्याचं काश्मीर होतं.

वखारवाला

मास्तर, शेंडे खुडण्याचं बोललात ते खरं, पण अर्धंच सांगितलात. शेंडा खुडला की पानात निकोटिन वाढतं. कडक माल पाहिजे म्हणूनच खुडतात.

आमच्या तीन पिढ्या निपाणीत याच धंद्यात गेल्या. या पानावर गाव उभं राहिलं. १९८१ साली शरद जोशींच्या मागं इथला शेतकरी हायवेवर जाऊन बसला तो तंबाखूला भाव मिळावा म्हणून. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. आज बघाल तर शिवारात ऊस आणि सोयाबीन, निम्म्या वखारींना कुलपं. तरी पोरांचं डोकं बिघडलं तर दोष तंबाखूचा! मोबाईल कुठं गेला मग? आमचे आजोबा शेवटपर्यंत बार भरत होते आणि पावशेराचा, छटाकाचा हिशोब तोंडी करायचे.

शंकासुर

आजोबांनी बार भरायला सुरुवात कितव्या वर्षी केली, हे विचारलंय का कधी? धागा त्याबद्दल आहे.

आता मास्तरांना. वर्गात जो पोरगा आधीच वांड आहे, घरी लक्ष द्यायला कुणी नाही, तोच मावा खाणार. मग त्याचं लक्ष लागत नाही ते माव्यामुळं की आधीपासूनच? कोंबडी आधी की अंडं आधी याचं उत्तर मिळेपर्यंत 'मेंदूवर कायमचा परिणाम' हे मला भीती घालणं वाटतं.

आक्का_वडगाव

माझ्या भाच्याच्या कंपासमध्ये पेनासारखं काहीतरी सापडलं. टोपण काढलं तर आंब्याचा वास. तो म्हणतो नुसती वाफ असते मावशी, तंबाखू नाहीच त्यात. खरं का?

मेंदूचा_हमाल

बेळगावात मेंदूविकाराच्या वॉर्डात राबतो, म्हणून हे नाव. रात्रपाळी उतरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आक्का, आधी तुमचं. ती ई-सिगारेट. कर्नाटकात २०१६ पासून बंदी, २०१९ च्या कायद्यानं देशभर बंदी. तंबाखूचं पान नसतं हे खरं, पण त्या रसात बहुतेक वेळा निकोटिन असतंच. नव्या प्रकारांत ते 'सॉल्ट'च्या रूपात घालतात, त्यामुळं घशाला खवखव होत नाही आणि पोरगं ठसका न लागता जास्त ओढतं. मेंदूला निकोटिन वाफेतून आलं की विडीतून, याचं सोयरसुतक नाही. वाफेत डांबर नाही म्हणून फुप्फुसाचा हिशोब वेगळा मांडा, मेंदूचा तोच.

आता शंकासुर. प्रश्न रास्त आहे, आणि या विषयातला सगळा वाद तिथंच आहे. पोरांचे दोन गट करून एकाला निकोटिन द्या, दुसऱ्याला नको, असा प्रयोग कुणी करू शकत नाही, करूही नये. म्हणून उंदरांकडं जावं लागतं. उंदराचं 'किशोरवय' दोन-तीन आठवड्यांचं असतं, तेवढं सोयीचं.

ॲमस्टरडॅमच्या गटानं किशोरवयीन उंदरांना काही दिवस निकोटिन दिलं, मग पूर्ण बंद. पाच आठवड्यांनी, म्हणजे ते चांगले मोठे झाल्यावर, लक्ष टिकवायची परीक्षा घेतली. त्यांचं लक्ष कमी भरलं आणि उतावळेपणा जास्त दिसला. मोठ्या उंदरांना तेवढंच निकोटिन देऊन तेवढेच दिवस थांबले, तर हे दिसलं नाही. फरक मात्रेचा नव्हता, वयाचा होता. २०११ साली नेचर न्यूरोसायन्समध्ये त्यांनी कारणही दाखवलं: प्रीफ्रंटल भागात ग्लुटामेटला, म्हणजे पेशी चेतवणाऱ्या रसायनाला, आवर घालणारा एक ग्राही कमी झालेला होता. त्याच जागी तो ग्राही चेतवणारं औषध सोडलं, तर लक्ष परत आलं. इथं आधीपासूनच 'वांड' उंदीर कुणी निवडून घेतले नव्हते, त्यामुळं कोंबडी-अंड्याचा घोळ नाही.

ड्यूक विद्यापीठातल्या प्रयोगांत आणखी एक दिसलं. निकोटिन येत राहिलं की मेंदू निकोटिनिक ग्राहींची संख्या वाढवतो. हे मोठ्यांतही होतं, पण किशोरवयातली वाढ निकोटिन थांबल्यावरही जास्त काळ टिकली. दुसऱ्या गटांनी बघितलं की किशोरवयात निकोटिन मिळालेले उंदीर मोठेपणी जास्त घाबरट आणि उदास वागतात.

माणसांत काय? २०२३ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये केंब्रिज आणि इतरांचा अभ्यास आला. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, आयर्लंडमधल्या आठशेहून जास्त मुलांचे स्कॅन वयाच्या १४, १९ आणि २३ व्या वर्षी केलेले. ज्यांनी चौदाव्या वर्षापर्यंत सिगारेट धरली होती त्यांच्या डाव्या पुढच्या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे मेंदूपेशींचा भाग, सरासरीनं कमी. नियम मोडायच्या ओढीशी हा भाग जोडलेला. उजव्या बाजूची घट मात्र सुरुवात केल्यानंतर जास्त वेगानं झाली, आणि ती बाजू मजा शोधण्याशी जोडलेली. म्हणजे शंकासुर, तुमचं अर्धं खरं: काही फरक आधीचा असू शकतो आणि तोच पोराला टपरीकडं ढकलतो. पण पुढचं टपरी करते. आणि हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही, हेही बोलून ठेवतो.

वखारवाला अण्णा, मोबाईलचा वेगळा धागा काढा, तिथंही येतो.

शंकासुर

उंदरांना टोचतात, पोरं पुडी खातात. मात्रा तीच कशावरून? पण वय बदललं की परिणाम बदलतो हा मुद्दा मान्य. आधी माहीत नव्हता.

कागलकर

आम्ही पलीकडचे, महाराष्ट्रातले. मास्तर सीमाप्रश्न नको म्हणाले, पण कायद्याची सीमा तर सांगावीच लागेल. कर्नाटकानं कोटपा, म्हणजे केंद्राच्या तंबाखू कायद्यात, दुरुस्ती केली, २०२५ च्या मे महिन्यात ती लागू झाली. तंबाखू विकायचं वय १८ वरून २१, सुटी सिगारेट विकायला बंदी, शाळा-कॉलेजपासून १०० मीटरच्या आत विक्री नाही, सार्वजनिक जागी ओढलं की दंड हजार रुपयांपर्यंत. आमच्याकडं केंद्राचाच कायदा, म्हणजे अठरा. निपाणीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराला तिकडं नाही म्हटलं तर दुचाकीवर इकडं यायला वेळ लागतो का?

गुटख्याचं उलट. महाराष्ट्रात २०१२ ला बंद झाला, तुमच्याकडं २०१३ ला. मधल्या काळात कोण कुठून काय आणत होतं हे अख्ख्या हायवेला ठाऊक आहे. आताही पोती पकडल्याच्या बातम्या येतातच.

नाक्यावरची

बंद कुठला? पानमसाल्याची पुडी वेगळी, जर्द्याची वेगळी, दोन्ही माळा शेजारी शेजारी टांगलेल्या. पोरं दोन्ही पुड्या दातानं फाडतात, छोटीतलं मोठीत ओततात, तोंड चिमटीत धरून हलवतात आणि एका दमात तोंडात. तयार गुटखा. क्लासच्या सुट्टीत उभी राहून बघत असते मी. दुकानदाराला बोललं तर म्हणतो, "ताई, मी दोन वेगळे माल विकलो, त्येनं काय केलं मला काय माहीत?"

मास्तर_नववी_ब

नाक्यावरची, दोन पुड्यांची गोष्ट अगदी बरोबर. त्यात भर एक. पोरांच्या हातात पहिली पुडी बहुतेक वेळा आपणच देतो. "जा रे, अण्णाच्या टपरीवरनं एक पुडी घेऊन ये" असं म्हणून सहा वर्षांच्या पोराला पिटाळणारे पालक माझ्याच गल्लीत आहेत. उरलेल्या सुट्या पैशांचं चॉकलेट पोराला. त्या पोराला विकणं हा दुकानदाराचा गुन्हाच आहे, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यातलं ७७ वं कलम त्याहून कडक: लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. पालकसभेत वाचून दाखवलं तर लोक हसले.

मी वर दिलेल्या २०१९ च्या पाहणीत कर्नाटकातला शाळकरी मुलांचा आकडा १.२ टक्के आहे, महाराष्ट्राचा ५.१. अधिकारी मंडळी १.२ छाती फुगवून सांगतात. पाहणी शाळेच्या वर्गात बसलेल्या मुलांची असते. जे सातवीतच शाळा सोडून गॅरेजला, हॉटेलात, ऊसतोडीला गेले ते त्यात धरलेलेच नाहीत. पुन्हा राज्याची सरासरी ती राज्याची. बीदर ते चामराजनगर एका टोपलीत घालून आमच्या तालुक्याचं चित्र कसं कळणार?

सदलगा_बॉय

मी पहिल्यांदाच लिहितोय, मराठी आमची अशीच आहे, हसू नका.

मी आठवीत असताना मावा चालू केलो. कुणी जबरदस्ती केलं नाही, क्रिकेटच्या ग्राउंडवर सगळेच खाऊलालते. पहिल्यांदा चक्कर येऊन उलटी झाली. आठवडाभर तिकडं बघितलो नाही. मग परत खाल्लो. दहावीपर्यंत असं झालं की पेपरात अर्धा तास झाला की डोक्यात दुसरं काही यायचंच नाही, फक्त कधी बाहेर जातो. आयटीआय केलो, आता उद्यमबागला लेथवर आहे. गेल्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा सोडलो. सुटलं.

पण खरं सांगू का, अजून ड्रॉइंग वाचताना दहा मिनिटांत मन उडतं. छोट्या गोष्टीवरनं चटकन राग येतो. धागा वाचून रात्री झोप नाही लागली. डॉक्टर, हे माझं झालेलं नुकसान हाय काय? आता काय राहिलंच नाही काय करायला?

मेंदूचा_हमाल

भावा, तुझ्या मराठीला कोण हसतंय? नीट वाच.

पहिलं. गटांच्या सरासरीवरून एका माणसाचं निदान होत नाही. ड्रॉइंग वाचताना मन उडायला झोप, कामाची पाळी, थायरॉइड, चिंता, डोळ्याचा नंबर यातलं काहीही कारण असू शकतं. लहानपणापासूनच चंचलपणा असेल तर ते वेगळं तपासतात. एकदा दाखवून घे, 'मावा खाल्ला म्हणून मेंदू गेला' असं स्वतःच्या कपाळावर लिहून घेऊ नको.

दुसरं. सोडल्यावर मेंदू जागेवर बसून राहत नाही. मोठ्या वयाच्या, ओढणाऱ्या लोकांवर येल विद्यापीठात स्कॅन करून बघितलं होतं, २००९ साली छापलं. वाढलेले निकोटिनिक ग्राही सोडल्यापासून सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आले. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून मांडलं होतं की सोडलेल्यांत चिंता, उदासी, ताण कमी होतो. लोक उलट समजतात, तंबाखूनं डोकं शांत होतं म्हणतात. ती शांती म्हणजे मागच्या चिमटीची तलफ भागणं, बाकी काही नाही. तलफेचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त, मग तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तू ते पार केलंस.

तिसरं, आणि हे तू लिहिलेलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: रोज खायला लागायच्या आधीच डोक्यात तेच यायला लागलं का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जोसेफ डिफ्रान्झा या डॉक्टरांनी सातवीच्या मुलांच्या मागं राहून हेच टिपलं होतं. काही मुलांत 'हे माझ्या हातात राहिलं नाही' अशी लक्षणं रोजची सवय लागायच्या कितीतरी आधी, कधीमधी ओढण्याच्या काळातच दिसली. त्यावरून त्यांनी दहा प्रश्नांची यादी केली. एका जरी प्रश्नाला 'हो' आलं तरी पकड बसायला लागली असं ते धरतात. सोडायचा प्रयत्न फसलाय का, मिळालं नाही की चिडचिड होते का, जिथं चालत नाही तिथं ते टाळणं जड जातं का, अशा धर्तीचे प्रश्न आहेत. 'आमचा पोरगा फक्त यात्रेला खातो' म्हणणाऱ्या बापानं हे वाचावं.

सदलगा_बॉय

नववीत. रविवारी फक्त खायचो तेव्हाच. बरोबर बोललात.

डोळे तपासून घेतो आधी. मशीनवर रात्रपाळी पण हाय, ते पण सांगतो डॉक्टरला.

वखारवाला

सदलग्याच्या पोराचं वाचलं. धंद्याचं धंद्याच्या जागी, पण आमच्या वखारीत अठराच्या आतलं पोर कामाला ठेवत नाही, हे सांगून ठेवतो. वडिलांच्या काळी ठेवत होते. कोवळी पोरं जर्द्याच्या ढिगात शिरली की पहिले चार दिवस ओकायची. मग 'सरावली' म्हणायचे सगळे. आता कळतंय काय सरावलं ते.

आजोबांचं विचारलंत ना शंकासुर? चुलत्यांना विचारलं. म्हणे चाळीस पार झाल्यावर, दाढ दुखायची म्हणून लावली.

शंकासुर

धन्यवाद अण्णा. मनापासून.

विडीवाली_लेक

वखारवाले काका 'ओकायची' म्हणाले म्हणून लिहावंसं वाटलं. माझी आई निपाणीत विड्या वळते, अजूनही. मी मांडीवर सूप घेऊन तिच्या बाजूला वाढले. पानं भिजवून ठेवायची, पत्र्याचा माप ठेवून कात्रीनं कापायची, जर्दा भरून वळायची ही कामं तिची, आणि वळलेल्या विडीचं तोंड नखानं दुमडून बंद करायचं हे माझं. हजारावर मजुरी, त्यामुळं माझी बोटं चालली की तिचे दोन पैसे वाढायचे. शाळेत जायचे तेव्हा बोटं पिवळी. वास जायचा नाही म्हणून बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. डोकं जड असणं, मळमळणं हे मला आजारपण वाटलंच नाही कधी, आम्हा सगळ्या पोरींचं तसंच.

मी तंबाखू कधी तोंडात घातली नाही. आईची मिश्री मात्र लावून बघितली, लहानपणी सगळ्याच पोरी लावतात, दात घासायचं म्हणून. आता मला पोर आहे, पाच वर्षांचं. दिवाळीत माहेरी गेले की ते आजीच्या सुपाभोवतीच खेळतं. मेंदूचं वाचून विचारते, हातातून किती जातं?

मेंदूचा_हमाल

ताई, कातडीतून जातं, विशेषतः पान किंवा हात ओला असला की. शेतात दवाच्या वेळी तंबाखूला हात लावणाऱ्यांना चक्कर, उलटी, डोकेदुखी होते, त्याची नोंद फ्लोरिडात १९७० सालीच झाली आहे. विडी कामगार बायकांच्या लघवीतही कोटिनिन, म्हणजे निकोटिन शरीरात मोडल्यावर उरणारा पदार्थ, वाढलेलं आढळलंय, तंबाखू न खाणाऱ्या बायकांतसुद्धा. शाळेत डोकं जड वाटायचं त्याला कारण होतं. खाणं-ओढणं याच्यापेक्षा ही मात्रा बरीच कमी, म्हणून स्वतःबद्दल धास्ती घेऊ नका. पण पाच वर्षांच्या पोराचं वजन ते किती, तेवढ्याला थोडंही पुष्कळ.

मिश्रीचं: भाजलेली असली तरी तंबाखूच. दंतमंजनात, टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेल्या मिश्रीला कुणी अडवत नाही. पोरींना 'व्यसन नाही, दात घासणं आहे' असं वाटत राहतं आणि त्या तपासणीत कधी सापडतच नाहीत.

मास्तर_नववी_ब

आणि विडी वळणं हे बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यापासून धोकादायक कामांच्या यादीत आहे. घरच्या घरी, आईच्या शेजारी बसून केलं तर मूळ कायद्यात सूट होती, २०१६ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक कामांना ती राहिली नाही.

ताई, राग मानू नका, तुमच्या आईला बोलत नाही. हजारामागची मजुरी जे ठरवतात त्यांना बोलतोय.

आक्का_वडगाव

भाच्याशी बोलले. आधी वाफच म्हणाला, मग रडला. गोव्याला सहलीला गेलेल्या मोठ्या पोरांकडनं घेतलं म्हणे. सोडवायला ते निकोटिनचं च्युइंगम मिळतं मेडिकलमध्ये, ते देऊ का? सोळा वर्षांचा आहे.

मेंदूचा_हमाल

स्वतःहून देऊ नका. त्यातही निकोटिनच आहे, आणि अठराच्या आत ते डॉक्टरनं बघूनच ठरवायचं. या वयात आधी समुपदेशन. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, तिथं बोलायला लावा. तुम्ही शेजारी बसू नका, दार लोटून बाहेर थांबा. आणि शाळेत नाव कळवून त्याला काढून टाकायची वेळ आणू नका. शाळेबाहेर पडलेलं पोरगं टपरीच्या जास्त जवळ जातं.

मास्तर_नववी_ब

या शेवटच्या वाक्यावर आमच्या स्टाफरूममध्ये भांडण आहे. आमच्यातले निम्मे 'दाखला हातात द्या' पक्षाचे. दप्तरात मावा सापडलेलं ते पोरगं सध्या शाळेत येतंय, प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्याच्याकडं दिल्यात. त्यावरनंही मला ऐकून घ्यावं लागलं.

कागलकर

किल्ल्या दिल्यात ते बेस केलं.

विडीवाली_लेक

डॉक्टर, मग दिवाळीत काय करू ते सांगा. आईला विड्या बंद कर म्हणू शकत नाही.

मेंदूचा_हमाल

काम चालू असताना पोर दुसऱ्या खोलीत, नाहीतर आईचं सूप पडवीत. वळून झाल्यावर आईनं साबणानं हात धुऊन मगच पोराला जवळ घ्यायचं, भरवायचं. कामाचं लुगडं वेगळं. जिथं बसून वळतात ती जागा झाडून न काढता ओल्या फडक्यानं पुसायची, म्हणजे धुरळा उडत नाही. पोराला विडीची तोंडं बंद करायला, मोजायला, बांधायला बसवायचं नाही, कौतुकानंसुद्धा नाही.

विडीवाली_लेक

सूप पडवीत हलवते, आई चार दिवस बोलंल. पण कारखान्याकडनं आणलेला जर्दा ठेवायचा कुठं? दोनच खोल्या आहेत, आत्ता पोतं चुलीच्या कोपऱ्यात असतं.

वखारवाला

पत्र्याचा डबा घ्या, घट्ट झाकणाचा, आणि वर फळीवर ठेवा. पोतं जमिनीवर ओल धरतं, मालही खराब होतो. निपाणीत असाल तर आमच्याकडं रिकामे पडलेत, येऊन घेऊन जा.